साथीच्या दिवसांत लहान रुग्णालयाचं ऑपरेशन थिएटर कसं चालवावं

मी भूलतज्ज्ञ आहे. सांगली-मिरज आणि आसपासच्या तालुक्यांतल्या लहान रुग्णालयांत फिरून भूल देते. करोनाच्या काळात आमच्या भागातली काही थिएटरं कुलूपबंद झाली, काही जणू बाहेर काहीच घडत नाही अशी चालू राहिली, आणि थोडी विचार करून चालवली गेली. पुढची साथ कधी येईल हे सांगता येत नाही, पण ती येईल तेव्हा कुणाला तरी चार दिवसांत सगळी व्यवस्था बसवावी लागेल. मोठ्या संस्थांकडे त्यासाठी समित्या असतात. एक ऑपरेशन थिएटर (ओटी), स्प्लिट एसी, दोन सिस्टर, एक मामा (वॉर्डबॉय), एक मावशी (सफाई करणारी) आणि फोन केल्यावर येणारा भूलतज्ज्ञ एवढ्यावर जे रुग्णालय चालतं, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे.

थिएटर बंद ठेवलं की सगळे सुरक्षित, हे मला मान्य नाही. धोका तेवढाच राहतो, फक्त तो पेशंटच्या घरी जातो आणि तिथे त्याची मोजदाद कुणी करत नाही. २०२० मध्ये पहिल्या तडाख्याच्या १२ आठवड्यांत जगभरात सुमारे २ कोटी ८४ लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द किंवा लांबणीवर पडतील असा अंदाज बांधला गेला होता. त्याच वर्षी आलेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की कर्करोगाची शस्त्रक्रिया चार आठवडे लांबली की मृत्यूचा धोका सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो. आमच्याकडे तो धोका वेगळ्या रूपात आला. हर्निया अडकून आतडं काळं पडल्यावर आलेले शेतकरी, आणि मधुमेहाच्या ज्या पायाचं एक बोट काढून भागलं असतं तो गुडघ्याखाली कापावा लागलेले पेशंट.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मे २०२० मध्ये २४ देशांतल्या १,१२८ शस्त्रक्रिया झालेल्या करोनाबाधित पेशंटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातले २३.८ टक्के तीस दिवसांत दगावले होते. म्हणजे डोळे मिटून ऑपरेशनची लिस्ट चालू ठेवणं हे पेशंटला मरणाच्या दारात नेणंच होतं. आणि याच काळात, २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० दरम्यान, मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये कर्करोगाच्या ४९४ नियोजित शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यानंतर एकही मृत्यू झाला नाही. सहा जण नंतर पॉझिटिव्ह आले, तेही बरे झाले. तिथले बहुतेक पेशंट तब्येतीने धड होते, आणि त्यांची निवड डोळसपणे केलेली होती. म्हणून सुरुवात निवडीपासून करा.

लिस्ट

प्रत्येक केससमोर एकच प्रश्न लिहा: थांबलो तर या माणसाचं काय होईल, आणि किती दिवसांत? ऑपरेशनचं नाव पाहून ठरवू नका. पित्ताशयातले खडे थांबू शकतात, पण महिन्यात दोनदा कळ येऊन गेलेली बाई थांबू शकत नाही. मोतीबिंदू थांबतो, पण एकाच डोळ्याने दिसणाऱ्या आणि एकट्या राहणाऱ्या आजींचा थांबत नाही.

आम्ही चार रकाने केले होते. पहिला, आत्ताच: सिझेरियन, गर्भनलिकेतला गर्भ फुटणं, अडकलेला हर्निया, आतड्याला छिद्र, रक्तस्राव. इथे तपासणीच्या निकालासाठी थांबायचं नाही. पेशंट पॉझिटिव्ह आहे असं धरून चालायचं. दुसरा, तीन दिवसांत: अपेंडिक्स, मांडीचं हाड, चिघळलेला पाय. तिसरा, महिन्याभरात: कर्करोग, वारंवार अडणारी लघवी, रक्तस्रावाने हिमोग्लोबिन उतरत चाललेलं गर्भाशय. चौथा, पुढे: बाकी सगळं. आता महत्त्वाचं असं, की चौथ्या रकान्यातल्या प्रत्येकाला दर पंधरवड्याला फोन गेलाच पाहिजे. फोन सिस्टरने करावा आणि ठरलेलेच प्रश्न विचारावेत: दुखणं वाढलं का, खाणं कमी झालं का, गाठ आत जाते का. या फोनमुळे माणसं चौथ्या रकान्यातून दुसऱ्यात वेळेवर येतात. फोन नसला तर ती थेट पहिल्यात येतात, तेही रात्री दोनला.

अपेंडिक्ससारख्या काही केसमध्ये अँटिबायोटिकवर निभावता येतं का, हा प्रश्न साथीत पुन्हा विचारावा. पण औषधावर ठेवलेला पेशंट रोज कोण पाहणार, हे ठरल्याशिवाय तो मार्ग धरू नका. साठ किलोमीटरवरून येणाऱ्याला गोळ्या देऊन घरी पाठवणं मला कधीच पटलं नाही.

विचारपूस आणि तपासणी

'ताप आहे का?' असं विचारलं की उत्तर 'नाही' येतं. ऑपरेशन नाकारतील, उचलून कोविड सेंटरला नेतील, गल्लीत पत्रे ठोकतील अशी भीती लोकांच्या मनात होती आणि ती खोटी नव्हती. मी आधी सांगायला लागले, 'काका, ताप असला तरी तुम्हाला परत पाठवणार नाही. फक्त भुलेची पद्धत बदलू.' मग तोच माणूस सांगायचा, 'परवा अंग तापलं होतं मॅडम, आणि धाकट्या भावाला वास येत नाही.' घरातल्या सगळ्यांबद्दल विचारा. एकत्र कुटुंबात पेशंटपेक्षा सून जास्त माहिती देते.

नियोजित केसला आरटी-पीसीआर ७२ तासांच्या आतली हवी, आणि नमुना दिल्यापासून ऑपरेशनपर्यंत पेशंटने घराबाहेर पडायचं नाही. अहवाल निगेटिव्ह आणि मधल्या दिवशी बारशाला हजेरी, असं असेल तर त्या कागदाला अर्थ उरत नाही. इमर्जन्सीत आम्हाला सगळ्यात उपयोगी पडलं ते ट्रूनॅट, गोव्यातल्या कंपनीने मुळात क्षयरोगासाठी बाजारात आणलेलं छोटं यंत्र. तासाभरात निकाल. रॅपिड अँटिजेन पॉझिटिव्ह आली तर विश्वास ठेवा. निगेटिव्ह आली आणि पेशंट खोकतोय, तर ठेवू नका.

पॉझिटिव्ह आलेल्याचं ऑपरेशन थांबवता येत असेल तर किती थांबवायचं? ऑक्टोबर २०२० मध्ये ऑपरेशन झालेल्या, ११६ देशांतल्या १ लाख ४० हजारांहून जास्त पेशंटांच्या अभ्यासातून याचं उत्तर मिळालं. संसर्ग न झालेल्यांत तीस दिवसांतला मृत्यूदर १.५ टक्का होता. संसर्गानंतर पहिल्या दोन आठवड्यांत ऑपरेशन झालेल्यांत तो ४.१, पाचव्या-सहाव्या आठवड्यातही ३.६, आणि सात आठवड्यांनंतर पुन्हा १.५. मात्र सात आठवड्यांनंतरही धाप किंवा इतर लक्षणं टिकून असतील तर ६ टक्के. म्हणून कॅलेंडरइतकंच जिन्याकडे लक्ष द्या. पेशंटला एक मजला चढायला लावा आणि बोटाला ऑक्सिमीटर लावून पाहा.

हा सात आठवड्यांचा आकडा लस येण्याआधीचा आहे. पुढे लस घेतलेल्या आणि सौम्य आजार झालेल्यांसाठी नियम बराच शिथिल झाला. पुढच्या साथीचा आकडा वेगळाच असेल, आणि तो कळेपर्यंत काही महिने जातील. तोवर तुमच्याच रजिस्टरमध्ये दोन रकाने वाढवा: आजाराची तारीख आणि तीस दिवसांनंतरची स्थिती.

काही वेळा थांबणं शक्यच नसतं. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसचे पेशंट आले तेव्हा ते करोनातून नुकतेच उठलेले, साखर चारशेच्या घरात, आणि बुरशी सायनसमधून डोळ्याकडे सरकत होती. तिथे सात आठवडे कुणी मोजायचे? साखर आणि पोटॅशियम ताळ्यावर आणून, नातेवाइकांना धोका स्पष्ट सांगून, पूर्ण संरक्षक पोशाखात केस घ्यावी लागली. नियम माहीत असावा, आणि तो कुठे मोडायचा हेही आधी एकत्र बसून ठरलेलं असावं.

हवा

या विषयावर सगळ्यात जास्त पैसा चुकीच्या जागी गेला. लोकांनी फॉर्मॅलिनचे धूर केले, दारात फवारणीचे बोगदे उभे केले. माणसांवर जंतुनाशक फवारू नये असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच सांगितलं होतं. आणि स्प्लिट एसी तीच ती हवा थंड करून पुन्हा तोंडावर फेकतो, ताजी हवा आत आणत नाही, ही साधी गोष्ट मागे राहिली.

खोलीतली हवा तासाला किती वेळा बदलते, यावर हवेतले कण किती वेळात जातात हे ठरतं. ९९.९ टक्के कण जायला, तासाला ६ वेळा हवा बदलत असेल तर ६९ मिनिटं लागतात, १२ वेळा असेल तर ३५, आणि २० वेळा असेल तर २१ मिनिटं. तुमचा हिशेब तुम्ही करू शकता. ओटी ६ मीटर लांब, ५ रुंद, ३ उंच असेल तर ९० घनमीटर. तासाला १२ वेळा बदलायची तर १,०८० घनमीटर हवा बाहेर गेली पाहिजे. एक्झॉस्ट पंख्याच्या खोक्यावर त्याची क्षमता छापलेली असते. प्रत्यक्षात जाळी आणि धूळ यामुळे ती बरीच कमी भरते, म्हणून हातचं राखून धरा.

पण एक्झॉस्ट लावला की बाहेरची हवा दाराच्या फटीतून आत येते, तिच्याबरोबर धूळही येते, आणि उघड्या जखमेवर ती नको. आम्ही ठरवलं होतं ते असं: भुलेसाठी घशातून श्वासाची नळी टाकताना आणि काढताना पंखा चालू, जखम उघडी असेपर्यंत बंद, पेशंट बाहेर गेल्यावर पुन्हा चालू. दार बंद ठेवून ठरलेली मिनिटं जाऊ द्यायची आणि मगच मावशींनी पुसायला आत जायचं. दाराला पाटी लटकवा आणि तिच्यावर वेळ लिहा: 'साडेअकरापर्यंत आत जाऊ नये.' सगळ्यात कमी पगाराच्या माणसाला सगळ्यात आधी आत पाठवण्याची आपल्याकडे सवय आहे. ती इथे जीवघेणी ठरते.

पुसण्यासाठी १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट, रोज नवीन करायचं, दुसऱ्या कशात मिसळायचं नाही. धातूच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंना ७० टक्के अल्कोहोल.

भूल

जिथे स्पायनल (पाठीतून दिलेली कमरेखालची भूल) किंवा ब्लॉकवर (एका भागापुरती भूल) काम होतं तिथे तेच द्या. पेशंटच्या तोंडावर सर्जिकल मास्क, ऑक्सिजनची नळी मास्कच्या आत, प्रवाह कमी. स्पायनलची उंची, म्हणजे बधिरपणा किती वर चढतो ती, वाजवी ठेवा. मध्येच घाईने नळी टाकायची वेळ येणं हाच सर्वांत वाईट प्रसंग.

नळी टाकायचीच असेल तर खोलीत तिघं: भूल देणारा, मदतनीस सिस्टर, आणि दाराशी एक जण पोशाख घालून तयार. सर्जन बाहेर. तीन ते पाच मिनिटं घट्ट मास्कने शुद्ध ऑक्सिजन, मग भुलेचं औषध आणि स्नायू शिथिल करणारं औषध पाठोपाठ, फुगा दाबून हवा द्यायची वेळ शक्यतो येऊ द्यायची नाही. जो सगळ्यात अनुभवी आहे त्यानेच टाकावी, शिकणाऱ्याचा तो दिवस नव्हे. नळीचा कफ, म्हणजे तिच्या टोकाजवळची हवेची पिशवी, फुगवल्यावरच पहिला श्वास. विषाणू अडवणारा फिल्टर नळी आणि सर्किटच्या मध्ये, आणि कॅप्नोग्राफची (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजून नळी बरोबर जागी आहे का हे दाखवणाऱ्या यंत्राची) बारीक नळी फिल्टरच्या मशिनकडच्या बाजूला. नळी सोडवावी लागली तर आधी चिमटा लावा आणि व्हेंटिलेटर थांबवा. पोशाखावर स्टेथोस्कोप कानात जात नाही, त्यामुळे कॅप्नोग्राफ नसलेल्या थिएटरमध्ये मी साथीत जनरल भूल द्यायला नकार दिला आणि पुढेही देईन.

नळी टाकताना पेशंटच्या डोक्यावर ठेवायच्या अ‍ॅक्रिलिकच्या पेट्या गावोगावी दान मिळाल्या होत्या. देणाऱ्यांची भावना मोठी होती, पण पेटीत हात अडकतात, नळी टाकायला वेळ जास्त लागतो, हातमोजे-गाऊन फाटतात. वापरू नका.

एक गोष्ट मात्र २०२० च्या अखेरीस कळली आणि माझी सगळी मांडणी तिने बदलली. थिएटरमध्ये प्रत्यक्ष कण मोजले गेले तेव्हा नीट शिथिल केलेल्या पेशंटला नळी टाकताना जेवढे कण उडतात, त्याच्या कितीतरी पट जास्त एका साध्या खोकल्यात उडतात असं दिसलं. म्हणजे आम्ही ओटीत अंतराळवीरांसारखे पोशाख घालत होतो आणि शेजारच्या बंद खिडक्यांच्या वॉर्डात सिस्टर कापडी मास्कवर खोकणाऱ्या पेशंटची सलाईन लावत होती. एन-९५ आधी तिला द्या. वॉर्डाच्या खिडक्या उघडा, समोरासमोरच्या. आणि ऑपरेशनच्या पेशंटांची वाट, खोली, संडास आणि सिस्टर वेगळी ठेवा. ५५ देशांतल्या ९,१७१ कर्करोग-पेशंटांच्या अभ्यासात अशी वेगळी वाट असलेल्या ठिकाणी ऑपरेशननंतर फुप्फुसांची गुंतागुंत २.२ टक्के होती, नसलेल्या ठिकाणी ४.९. एकाच दाराच्या रुग्णालयातही हे जमतं. आम्ही ऑपरेशनचे पेशंट सकाळी आठच्या आत मागच्या जिन्याने घेत होतो आणि ओपीडी अकराला उघडत होतो.

सर्जनसाठी थोडक्यात: कॉटरी (विजेने कापायचं आणि रक्त थांबवायचं उपकरण) कमीत कमी शक्तीवर, धूर सक्शनने लगेच ओढायचा. दुर्बिणीतून करताना गॅसचा दाब कमी, आणि शेवटी तो पोर्टमधून (पोटातल्या दुर्बिणीच्या नळीतून) तसाच खोलीत न सोडता फिल्टर लावलेल्या सक्शनमधून काढायचा. ते जमत नसेल तर पोट उघडून करा. तीन तासांच्या दुर्बिणीपेक्षा एक तासाचं उघडं ऑपरेशन साथीत बरं.

पोशाख, चहा आणि माणसं

पोशाख घालताना सगळे जपतात, काढताना दमलेले असतात आणि तिथेच संसर्ग होतो. क्रम भिंतीवर मोठ्या अक्षरांत मराठीत लावा: बाहेरचे हातमोजे, गाऊन, हात धुणे, गॉगल, मग खोलीबाहेर येऊन मास्क, पुन्हा हात. समोर एक जण उभा राहून क्रम मोठ्याने वाचणार. मामा काढत असतील तर डॉक्टरांनी वाचावा. व्हॉल्व्ह असलेला एन-९५ ओटीत नको, त्यातून आपला उच्छ्वास गाळला न जाता बाहेर पडतो. मास्क कमी पडले तर पाच मास्क, पाच कागदी पिशव्या, पिशव्यांवर वारांची नावं, आणि मास्क आळीपाळीने वापरायचे. प्लास्टिकच्या पिशवीत घाम सुकत नाही. गाऊनवर मार्करने नाव लिहा, कारण पोशाखात कुणीच ओळखू येत नाही. हाका ऐकू जात नाहीत, म्हणून डोस आणि रक्तगट पाटीवर लिहूनच सांगा.

आता चहा. थिएटरमध्ये चार थर चढवणारी मंडळी लगतच्या खोलीत मास्क उतरवून गुडघ्याला गुडघा लावून वडापाव खातात. आमच्या भागात ओटीतल्या लोकांना झालेला संसर्ग मी जेव्हा जेव्हा मागे जाऊन शोधला, तेव्हा बहुतेकदा धागा याच खोलीत निघाला. चहा गच्चीवर प्या, पाळीपाळीने प्या, पण एकत्र बंद खोलीत पिऊ नका. सिस्टर आणि मामांच्या दोन टोळ्या करा, एकमेकींना न भेटणाऱ्या. एक आजारी पडली तर दुसरी थिएटर चालवेल. आजारी पडणाऱ्याचा पगार कापू नका. कापलात तर तो ताप लपवून येईल, आणि मग वर लिहिलेलं काहीच कामाला येणार नाही. माझ्यासारखे फिरते डॉक्टर तर गावोगावी संसर्ग वाहून नेऊ शकतात. म्हणून दिवसाला एकच रुग्णालय, आणि पॉझिटिव्ह केस दिवसाची शेवटची, हे बंधन रुग्णालयांनी आमच्यावर घालावं.

ऑक्सिजन

एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजनवाचून जे झालं ते नाशिकपासून सांगलीपर्यंत कुणी विसरलेलं नाही. जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर वायू असतो. मिनिटाला १० लिटरने तो साडेअकरा तास पुरतो, २ लिटरने दोन दिवसांहून जास्त. सकाळी लिस्ट सुरू करण्याआधी मामांनी भरलेले सिलिंडर मोजून पाटीवर लिहावेत. ऑपरेशन, त्यानंतरची रात्र आणि वर एक राखीव एवढे नसतील तर तिसऱ्या-चौथ्या रकान्याची केस उभी राहता कामा नये, मग सर्जन कितीही मोठे असोत. हा अधिकार लेखी स्वरूपात ओटी सिस्टरकडे द्या.

नातेवाईक आणि घरी गेल्यानंतर

संमतीपत्रावर तीन गोष्टी त्यांच्या भाषेत लिहा आणि वाचून दाखवा: आत्ता केलं तर काय होऊ शकतं, थांबलो तर काय होऊ शकतं, आणि रुग्णालयातच संसर्ग झाला तर आपण काय करू. खर्चाचंही आधीच बोला. पोशाखाचे पैसे बिलात अचानक दिसले की विश्वास जातो. सोबत एकच माणूस, तोच शेवटपर्यंत. बाकीच्यांसाठी संध्याकाळी ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल, आणि तो डॉक्टरांनी करावा.

ऑपरेशननंतर ताप आला तर जखम, लघवी, सलाईनची जागा पाहाच, पण त्याच वेळी विषाणूची तपासणीही करा. वाट पाहू नका. पेशंटला लवकर चालवा, कारण करोनात रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढलेला असतो. पायात दुखणं-सूज आली तर फोन करायला सांगा. घरी पाठवताना बोटाचा ऑक्सिमीटर उसना द्या, अनामत न घेता, आणि तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी फोन करा. ९४ च्या खाली आकडा गेला तर कुठे यायचं ते चिठ्ठीवर लिहून द्या. आणि सर्जनना आत्ताच सांगून ठेवा, की शक्य तिथे विरघळणारे टाके घाला. टाके काढण्यासाठी बंद एसटीच्या काळात चाळीस किलोमीटर दुचाकीवर बसून येणारी बाळंतीण मी पाहिली आहे, आणि तिची ती फेरी टाळता आली असती.